वेशीबाहेरचे पाणी

बायोगॅसच्या इतिहासाची इंग्रजी प्रकरणे चाळली, तर पहिल्या-दुसऱ्या पानावर एक वाक्य हमखास भेटते. सांडपाण्यावर प्रक्रिया करून वायू मिळवण्याचे जगातील पहिले संयंत्र १८५९ साली मुंबईच्या एका महारोगी वसाहतीत उभारले गेले, अशा आशयाचे ते वाक्य असते. अभियांत्रिकीची पाठ्यपुस्तके, सरकारी माहितीपत्रके, विद्यापीठीय प्रबंध अशा सगळ्या वाटांनी ते गेली काही दशके फिरते आहे. मराठी वाचकाला ते वाचून थोडा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. मात्र या वाक्यातील साल चुकीचे आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, साल दुरुस्त करण्याच्या निमित्ताने जो इतिहास हाती लागतो तो त्या अभिमानापेक्षा अधिक विचार करायला लावणारा आहे. त्याचे एक टोक मलनिस्सारणाच्या इतिहासात आहे, तर दुसरे मराठी पोवाड्याच्या अभ्यासात.

प्रथम सालाचा प्रश्न निकालात काढू. साहित्याच्या अभ्यासकांना ही रीत परिचयाची आहे. एखाद्या पोथीत न जुळणारा शब्द आला, की आपण त्या प्रतीची वंशावळ शोधतो आणि तो शब्द त्या काळात संभवतो का, हे पाहतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, तेव्हापासून आपल्याकडे या शिस्तीला मान आहे. तीच कसोटी येथे लावू. आज सर्वत्र आढळणारे १८५९ चे विधान सामान्यतः मेनेल यांच्या १९७६ सालच्या मिथेनविषयक इंग्रजी पुस्तकाच्या हवाल्याने दिले जाते, आणि पुढच्या लेखकांनी ते एकमेकांवरून उतरवून घेतलेले दिसते. आता अंतर्गत पुरावा पाहू. माटुंग्याचा महारोगी आश्रम स्थापन झाला १८९० साली. त्यापूर्वी मुंबईतील निराधार कुष्ठरुग्णांपैकी काहींना भायखळ्याच्या जमशेटजी जीजीभाई धर्मशाळेत आसरा मिळे. पण ती धर्मशाळा होती, वसाहत नव्हे. १८५९ मध्ये मुंबईला विहार तलावाचे पाणीसुद्धा नीट मिळू लागले नव्हते. ते काम पुरे झाले १८६० च्या सुमारास. मैलापाणी बंद टाकीत कुजवण्याची कल्पना युरोपात गाजली ती फ्रान्समधील लुई मूरास यांच्या टाकीमुळे, १८८१ साली. ‘सेप्टिक टँक’ हे नाव रूढ झाले ते त्याहूनही नंतर, इंग्लंडमधील एक्झिटरचे नगर-सर्वेक्षक डोनाल्ड कॅमेरॉन यांनी १८९५ च्या सुमारास बांधलेल्या टाकीपासून. थोडक्यात, १८५९ हा पाठ टिकत नाही.

टिकतो तो १८९७ चा पाठ. सांडपाण्याच्या इतिहासाचा काळजीपूर्वक आढावा घेणाऱ्यांनी माटुंग्याच्या महारोगी आश्रमातील टाक्यांची नोंद याच सालाखाली केली आहे. त्या टाक्यांवर वायू गोळा करण्याची सोय होती आणि त्या वायूवर इंजिन चालवले जाई, असे ती नोंद सांगते. मुंबई नगरपालिकेचे ड्रेनेज इंजिनिअर सी. सी. जेम्स यांनी ‘ओरिएंटल ड्रेनेज’ (१९०२) आणि त्यापुढील ‘ड्रेनेज प्रॉब्लेम्स ऑफ द ईस्ट’ या ग्रंथांतून पूर्वेकडील शहरांच्या मैल्याचे शास्त्र मांडले. माटुंग्याचा प्रयोग त्याच पिढीचा आणि त्याच कचेरीच्या छायेतला. म्हणजे आपला ‘पहिला’ हा मान एक्झिटरच्या पाठोपाठ दोनेक वर्षांनी येतो. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. उलट मूळ प्रश्न आता अधिक नेमका होतो. एवढ्या मोठ्या मुंबईत हा प्रयोग नेमका महारोगी आश्रमातच का झाला?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना ज्या व्यक्तीशी गाठ पडते, तिचे नाव मराठीच्या प्राध्यापकांना नवे नाही. हॅरी आर्बुथनॉट ॲकवर्थ. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साह्याने १८९१ साली ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ हा संग्रह सिद्ध करणारे, आणि त्यांतील काही पोवाड्यांचा इंग्रजी पद्यानुवाद ‘बॅलड्स ऑफ द मराठाज’ या नावाने १८९४ मध्ये लंडनला प्रसिद्ध करणारे ते हेच ॲकवर्थ. अगिनदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा आणि तुळशीदासाचा सिंहगडाचा पोवाडा आज आपण ज्या मुद्रित परंपरेतून शिकवतो, तिच्या आरंभीच हा संग्रह आहे. गोंधळ्यांच्या तोंडी विखुरलेले, शिष्टांच्या ग्रंथालयात प्रवेश नसलेले वाङ्मय या मुलकी अधिकाऱ्याने कागदावर आणले. याच वर्षांत ते मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते, आणि १८९० चा माटुंग्याचा ‘होमलेस लेपर असायलम’ ही त्यांचीच उभारणी. पुढे त्या आश्रमाला त्यांचे नाव मिळाले. वडाळ्याचे ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय म्हणून ती संस्था मुंबई महानगरपालिकेकडे आजही आहे.

एकाच माणसाने एकाच सुमारास हाती घेतलेल्या या दोन कामांकडे आपण सहसा एकत्र पाहत नाही. पोवाड्यांचा संग्राहक वाङ्मयेतिहासाच्या वाट्याला गेला, आश्रमाचा संस्थापक वैद्यकाच्या. पण दोन्हींतली वृत्ती एकाच जातीची आहे. जे रस्त्यावर विखुरलेले आहे ते गोळा करावे, त्याची नोंद करावी, त्याला जागा नेमून द्यावी, ही त्या काळच्या प्रशासनाची दृष्टी होती. गोंधळ्याचे गाणे पुस्तकात आले तेव्हा ते जपले गेले, आणि गाणाऱ्याच्या हातून थोडे सुटलेही. रस्त्यावरचा महारोगी आश्रमात आला तेव्हा त्याला छप्पर आणि औषधपाणी मिळाले. पण त्याला तेथे आणण्यामागे दयेइतकीच शहराची भीतीही होती. हान्सेन यांनी १८७३ साली या रोगाचा जंतू दाखवला होता. १८८९ मध्ये मोलोकाई बेटावर फादर डेमियन त्याच रोगाने वारले, आणि साऱ्या साम्राज्यात संसर्गाची धास्ती पसरली. १८९०-९१ मध्ये हिंदुस्थानात फिरलेल्या कुष्ठरोग आयोगाने संसर्गाचा धोका फारसा मोठा नाही, असा निर्वाळा दिला. तरीही १८९८ साली महारोग्यांविषयीचा कायदा झाला आणि तो लागू झाला मुख्यतः भिकाऱ्यांना. ज्याला घर होते त्याचा रोग खाजगी राहिला. ज्याला घर नव्हते त्याचा रोग सार्वजनिक ठरला. ‘होमलेस’ हा आश्रमाच्या नावातला शब्द या दृष्टीने अगदी नेमका आहे.

आश्रम माटुंग्याला झाला, कारण माटुंगा तेव्हा शहराबाहेर होते. दादर-माटुंग्याची आखीव वस्ती उभी राहिली ती १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या योजनांतून, म्हणजे नंतर. शहराची मोठी गटारे दक्षिणेकडच्या दाट वस्तीसाठी होती. त्यांतले मैलापाणी वरळीच्या लव्हग्रोव्ह उदंचन केंद्रातून समुद्रात सोडले जाई. जेथे गटार पोहोचले नव्हते तेथे हलालखोरांच्या पाट्या आणि गाड्या होत्या, म्हणजे जातीने नेमून दिलेली माणसे होती. १८९२ मध्ये तानशाचे पाणी आले. नळ वाढले तसे सांडपाणीही वाढले, आणि ते नेण्याची तजवीज पाण्याच्या मागे राहिली. आश्रमाची अडचण या साऱ्याहून वेगळी होती. काही शे माणसे एका आवारात कायमची राहत होती. जवळ शहराचे गटार नव्हते, आणि या आवारातून निघालेली घाण इतरांच्या दारावरून जावी हे कोणाला रुचणारे नव्हते. ज्या माणसांना शहराने दूर लोटले, त्यांना आपली घाण पुढे लोटण्यासाठी आणखी दूरची जागा उरली नव्हती.

माझ्या मते माटुंग्याच्या प्रयोगाचे मर्म येथे आहे. मोठे शहर मैल्याचे काय करते? ते त्याचे स्थलांतर करते. नळ लांब असेल, पंप जोरदार असेल आणि शेवटी समुद्र किंवा नदी असेल, तर प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. लहान आणि बंदिस्त वस्तीला ही सोय नसते. तिला आपल्या मैल्याचे आपल्याच हद्दीत काहीतरी करावे लागते. म्हणून सांडपाण्याच्या शुद्धीकरणाचे कित्येक पहिले धडे राजधान्यांपेक्षा आश्रम, तुरुंग, छावण्या आणि शाळा यांच्या आवारात गिरवले गेले. तेथे किती माणसे राहतात, ती काय खातात, किती पाणी वापरतात, हे ठाऊक असते, आणि टाकीत काय गेले व काय बाहेर पडले याचा ताळा त्यामुळे घेता येतो.

त्या टाकीत काय घडत होते, ते समजून घेण्यासारखे आहे. बंद टाकीत मैलापाणी संथ राहिले की जड भाग तळाशी बसतो, तेलकट भाग तरंगतो आणि मधल्या पाण्यात हवा उरत नाही. हवेवाचून जगणारे सूक्ष्म जीव तळाच्या गाळावर काम करू लागतात. काही जाती त्यातली गुंतागुंतीची द्रव्ये फोडून आम्ले बनवतात, तर काही त्या आम्लांपासून मिथेन. दलदलीतून निघणारा हा जळाऊ वायू व्होल्टाने १७७६ साली इटलीतील माज्जोरे सरोवराच्या काठावर गोळा केला होता. तोच येथे टाकीच्या छताखाली साठतो. या जिवांना ऊब मानवते. युरोपच्या हिवाळ्यात त्यांचे काम मंदावते आणि टाकीला उष्णता पुरवावी लागते. मुंबईच्या हवेत ही उष्णता फुकट मिळते. एक्झिटरला साधलेली गोष्ट माटुंग्याला अधिक सहज साधावी, असे हवामान होते.

टाकीबाहेर पडणारे पाणी मात्र शुद्ध नसते. गाळ कमी झालेला असतो. पण नत्र, स्फुरद आणि रोगजंतू बरेचसे तसेच असतात, जंतांची अंडीही टिकून राहतात. म्हणून दुसरी पायरी लागते, आणि ती पायरी म्हणजे माती. आश्रमाला जोडून मैलापाण्यावरची शेती होती. पाणी जमिनीत झिरपते तेव्हा मातीतले हवेशीर जीव राहिलेली घाण खातात, अमोनियाचे नायट्रेट करतात आणि पीक ते उचलते. नळातून टाकी, टाकीतून शेत आणि टाकीच्या छपरातून इंजिन अशी ही साखळी होती. आजची भाषा वापरायची तर तिने तीन कामे केली. खाडीत जाऊन पाणी नासवणारे नत्र तिने जमिनीत वळवले. हवेत गेला असता तर उष्णता साठवणारा वायू तिने जाळून कामाला लावला. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापदायक आहे, हे आज आपल्याला ठाऊक आहे. आणि आणलेल्या पाण्याचा तिने दुसऱ्यांदा उपयोग केला. १८९७ च्या इंजिनिअरांच्या डोळ्यांपुढे हवामानबदल नव्हता. त्यांच्यापुढे दुर्गंधी, रोगराई आणि खर्च हे प्रश्न होते. पण प्रश्न प्रामाणिकपणे हद्दीतच सोडवल्यामुळे उत्तर त्यांच्या कल्पनेपेक्षा लांबवर पोहोचले.

या साखळीचे गुणगान करताना तिची मर्यादाही नोंदवली पाहिजे. अर्धवट शुद्ध केलेल्या पाण्यावरची शेती निर्धोक नसते. त्या शेतात वावरणाऱ्याच्या पोटात जंत जाण्याची भीती असते आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना ते पाणी वर्ज्य मानावे लागते. शिवाय प्रयोगासाठी जी जागा निवडली जाते, ती बहुधा ज्यांचा नकार कोणी विचारात घेत नाही अशांची असते. टाकीचा, वायूचा, इंजिनाचा उल्लेख तांत्रिक ग्रंथांत आला. ज्यांच्या अन्नपाण्यावर ती टाकी चालली ते रहिवासी मात्र त्या वाक्यात केवळ ‘वसाहत’ या शब्दापुरते उरले. ॲकवर्थ-शाळिग्रामांच्या पोवाड्यांत निदान शाहिराची नाममुद्रा शेवटच्या कडव्यात शाबूत आहे. आश्रमातल्या माणसांच्या वाट्याला तेवढीही नाममुद्रा आली नाही.

पुढे काय झाले? शहर उत्तरेकडे सरकले, आश्रमाभोवती वस्ती झाली, गटारे आली आणि वेस आणखी पुढे गेली. जो धडा लहान आवारात सिद्ध झाला होता, तो मोठ्या शहराने आपलासा केला असे म्हणवत नाही. समुद्र जवळ होता आणि पंप स्वस्त पडत होता. वायूची विद्या विसाव्या शतकात परत आली ती मुख्यतः गोठ्याच्या वाटेने. १९६० च्या दशकात खादी ग्रामोद्योग आयोगाने गोबर गॅसचा प्रसार हाती घेतला आणि तो शब्द मराठी खेड्यांत रुळला. शेणाला आपल्या संस्कृतीत मान आहे, माणसाच्या मैल्याला नाही. त्यामुळे तंत्र एकच असूनही एक संयंत्र अंगणात आले आणि दुसरे अडून राहिले.

ही अडचण ज्यांनी अंगावर घेतली त्यांत अप्पासाहेब पटवर्धनांचे नाव आधी घ्यावे लागते. रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावे म्हणून त्यांनी धरलेला आग्रह आणि त्यांच्या समर्थनार्थ डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्यात गांधीजींनी केलेला उपवास, हा आपल्या राजकीय इतिहासातला विलक्षण प्रसंग आहे. मैला उचलण्याचा हक्क मागणारा सत्याग्रही जातीच्या पायालाच हात घालत होता. पण अप्पासाहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. मैला कोणालाच हाताने उचलावा लागू नये, अशा संडासांच्या आणि मैल्यापासून खत व वायू मिळवण्याच्या रचना त्यांनी कणकवलीजवळच्या गोपुरीत घडवल्या. नैतिक प्रश्नाचे उत्तर बांधकामात शोधावे लागते, हे त्यांनी ओळखले होते.

त्यांचे काम पुढे नेले ते देहूच्या डॉक्टर सुहास विठ्ठल मापुसकरांनी. तुकोबांच्या या गावी ते सरकारी आरोग्य केंद्राचे डॉक्टर म्हणून आले. रुग्णांचे बरेचसे आजार पोटाचे आहेत आणि ते उघड्यावरच्या मैल्यातून येतात, हे दिसल्यावर त्यांनी औषधाइतकेच लक्ष संडासांकडे वळवले. अप्पासाहेबांच्या रचनेवर सुधारणा करून त्यांनी संडासाला जोडलेले ‘मलप्रभा’ बायोगॅस संयंत्र तयार केले. मैला हातात न येता टाकीत जाई, वायू चुलीला मिळे आणि उरलेला द्रव शेताला. माटुंग्याचीच साखळी ही. फरक एवढाच की ती वेशीबाहेरच्यांसाठी नव्हती, गावाच्या घराघरासाठी होती, आणि तिला गावाची संमती लागली. ती मिळवण्यात त्यांची दशके गेली. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

देहूच्या या यशाला नदीकाठचे एक कडू प्रमाण जोडलेले आहे. गावाने आपले पाहिले, पण इंद्रायणी एका गावाची नाही. लोणावळ्यापासून आळंदीपर्यंत तिच्या काठी शहरे आणि कारखाने वाढले. अलीकडच्या वर्षांत आळंदीला नदीवर पांढरा फेस तरंगताना वारकऱ्यांनी पाहिला आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार देशातील शहरांतून दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निघत होते आणि प्रत्यक्षात शुद्ध होत होते २०,२३५ दशलक्ष लिटर. उरलेले कोठे जाते, हे कोणत्याही नदीकाठी उभे राहिले तरी कळते. ते आपल्या वेशीबाहेर जाते. फक्त आता प्रत्येक वेशीबाहेर दुसऱ्या कोणाचा तरी घाट आहे.

म्हणून १८५९ चे चुकीचे वाक्य खोडताना मला केवळ सालाची काळजी नाही. ‘जगात पहिले’ हा दावा आपल्याला सुखावतो आणि विचारातून मोकळा करतो. १८९७ चे खरे साल मात्र प्रश्न विचारते. त्या वर्षी मुंबई प्लेगने हादरलेली होती; घाण दूर लोटून रोग दूर जात नाही, हे शहर प्राण मोजून शिकत होते. त्याच वेळी शहराने टाकलेल्या माणसांच्या आवारात घाणीचे इंधन आणि खत होत होते. ते ज्ञान उपलब्ध असूनही ते मोठ्या शहराचे शहाणपण झाले नाही, कारण ते ज्या जागेतून आले त्या जागेकडे पाहण्याची कोणाला सवय नव्हती.

वाङ्मयाच्या अभ्यासकाने या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. ॲकवर्थांच्या दोन संग्रहांपैकी एक आपल्या अभ्यासक्रमात आहे आणि दुसरा नाही, हे एक उत्तर झाले. दुसरे असे की पाठ शुद्ध करणे ही आपली विद्या आहे, आणि सांडपाण्याच्या इतिहासातही भ्रष्ट पाठ असतात. पोवाडा शिकवताना ॲकवर्थांचे नाव येते, तेथे एक वाक्य आणखी जोडता येईल. या संपादकाने उभारलेल्या माटुंग्याच्या आश्रमात, १८९७ च्या सुमारास, काही शे बेघर रुग्णांच्या मैलापाण्यावर इंजिन चालत होते. हे वाक्य विद्यार्थ्यांच्या वहीत गेले, तर त्या अनाम रहिवाशांची नोंद तंत्राच्या पुस्तकाबाहेर कोठेतरी होईल.